गावाची वही: विदर्भातल्या गावाच्या आठवणी आणि कागद कसे जमवायचे

"आबाजी, आपल्या गावाचा इतिहास सांगा," असं म्हणून म्हाताऱ्या माणसापुढे मोबाईल धरला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. पूर्वी गावात एकी होती, आणि आता ती राहिली नाही. यात खोटं काही नाही, पण लिहून ठेवण्यासारखंही काही नाही. त्याच माणसाला "तुमच्या मळ्यातली मोट कोणत्या विहिरीवर चालायची, नाडा कुठून आणायचे, बैलजोडी घरची की मागून आणलेली, इंजिन बसलं तेव्हा थोरला पोरगा कितवीत होता" असं विचारलं की तासभर थांबत नाही. गावाची वही करायची तर प्रश्न वस्तूवर, जागेवर आणि कामावर ठेवायचा. इतिहास त्यातून आपोआप बाहेर पडतो.

इंग्लंडातल्या खेड्यांत हे काम फार जुनं आहे. तिथे 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवायला सुरुवात झाली. 1836 च्या कायद्यानंतर धर्मकरासाठी गावोगावचे शेतवार नकाशे निघाले. त्यामुळे तिथला हौशी माणूस एका देवळाच्या कपाटातून चारशे वर्षं मागे जाऊ शकतो. आपल्याकडे अशी एका जागी बसलेली नोंद नाही. कागद चार कचेऱ्यांत विखुरलेले आणि उरलेलं सगळं माणसांच्या डोक्यात. म्हणून आपली पद्धत थोडी वेगळी ठेवावी लागते.

आधी गाव नेमकं कुठलं ते ठरवा

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मी गडबड इथेच होते. वडगाव, पिंपळगाव, खापरी ही गावं विदर्भात जागोजाग आहेत. वहीच्या पहिल्या पानावर मौजा, पटवारी हलका नंबर, तालुका, जिल्हा लिहा, आणि त्याच्याखाली जुना तालुका, जुना जिल्हा. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला, वाशीम 1 जुलै 1998 ला अकोल्यातून, गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून. म्हणजे गोंदियातल्या गावाचा 1930 चा कागद भंडाऱ्याच्या नावाने बांधलेला असणार, आणि गडचिरोलीचा 'चांदा' म्हणून. नव्या जिल्ह्याच्या नावाने शोधत राहिलात तर "रेकॉर्ड नाही" एवढंच उत्तर मिळेल.

शिवारात एखादी 'रिठी' आहे का तेही पाहा. वस्ती उठून गेलेल्या, पण महसुलात अजून नाव शिल्लक असलेल्या मौजाला रिठी म्हणतात. तिथले लोक पटकीने गेले, पुराने की पाणी आटल्याने, आणि कोणत्या गावात जाऊन बसले, हे सांगणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत. हे काम आधी घ्या.

त्यानंतरचा प्रश्न: गाव वऱ्हाडातलं की नागपूरकडचं? यावर पुढची सगळी शोधाशोध अवलंबून आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ (आणि आताचं वाशीम) हा मुलूख निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. तिथे रयतवारी होती, शेतकऱ्याचं नाव थेट सरकारी कागदावर. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा भोसल्यांचा मुलूख 1854 मध्ये खालसा झाला, 1861 मध्ये मध्य प्रांतात गेला आणि तिथे मालगुजारी बसली. सरकारचा सारा मालगुजार भरणार आणि रयत मालगुजाराला देणार. ही मालगुजारी 31 मार्च 1951 ला संपली. म्हणून वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला "तुमचा मालगुजार कोण?" असं विचारलं तर तो तुमच्याकडे बघत राहील. आणि भंडाऱ्याकडे मालगुजाराचा विषय न काढता तलावाचा इतिहास लिहिणं शक्यच नाही.

कागद कुठे मिळतात आणि कसे वाचायचे

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करा. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्ममृत्यू कोतवाल नोंदवून ठाण्यावर कळवायचा, त्याची ही वही. बाळाचं नाव तिथे बहुधा नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. नाव बापाचं, सोबत जात आणि तारीख. त्यामुळे एकाच बापाच्या चार पोरांपैकी ही नोंद कोणाची, हे घरच्यांकडून क्रम लावून घेतल्याशिवाय ठरवू नका. एखाद्या वर्षी मृत्यूच्या नोंदी एकदम वाढलेल्या दिसल्या तर ते पान पूर्ण उतरवून घ्या. 1918 सालची मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ अशीच कागदावर दिसते.

नागपूरकडच्या गावांसाठी बंदोबस्त मिसल (सारा ठरवतानाचे गावचे कागद), वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) आणि 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीवर कोणाचा हक्क त्याची नोंद) मागा. वाजिब-उल-अर्जात गावच्या रूढी असतात: तलावाचं पाणी कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी, सरपण कुठून तोडायचं, गुरं कुठे चारायची. गावाचं रोजचं जगणं इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कागदात क्वचितच सापडतं. भाषा मात्र उर्दू-हिंदीच्या वळणाची. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, साकिन म्हणजे राहणार, कौम म्हणजे जात, फौत म्हणजे मयत. सीर आणि खुदकाश्त या मालगुजाराच्या घरच्या जमिनी, मौरूसी हा वहिवाटीचा हक्क असलेला कास्तकार, आणि मालिक मकबूजा म्हणजे आपल्या तुकड्यापुरता मालक. जमिनीच्या प्रतीही अशाच: कन्हार, मोरंड, खरडी, बरडी, सिहार. हे शब्द म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ असतात. कागद घेऊन त्यांच्याकडे गेलात तर कोणता तुकडा कुठला ते शिवारात उभं राहून दाखवतील.

क्षेत्र उतरवताना सावध. नागपूरकडच्या जुन्या कागदावर एकर आणि डिसमिल असतात (100 डिसमिलचा एकर), वऱ्हाडात एकर आणि गुंठे (40 गुंठ्यांचा एकर). '2.30' हे एकीकडे दोन एकर तीस डिसमिल, दुसरीकडे पावणेतीन एकर. ही चूक छापील गावइतिहासांतसुद्धा दिसते. पैशांचंही तसंच. 1 एप्रिल 1957 च्या आधीचा रुपया सोळा आण्यांचा.

सालांची रूपांतरं: शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनाअखेर 79. वऱ्हाडातल्या निजामी वळणाच्या कागदावर फसली साल असेल तर ढोबळ मानाने 590 मिळवा. फसली 1310 म्हणजे 1900-01.

नकलेच्या अर्जात "आमच्या गावाचे सर्व जुने रेकॉर्ड" असं कधीच लिहू नका. तो अर्ज कोणी उघडत नाही. एक मौजा, एक प्रकारचा कागद, पाच-दहा वर्षांची मुदत, एवढंच लिहा. मोडीतला कागद निघाला तर अंदाजाने वाचू नका, फोटो काढून मोडी जाणणाऱ्याकडे न्या. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहा, पण त्यातल्या जन्मतारखांवर विसंबू नका. अर्धा वर्ग 1 जुलैला जन्मलेला दिसेल. गुरुजींनी शाळेत घालायचं वय मोजून तारीख टाकलेली असते. त्या रजिस्टरमधली खरी माहिती म्हणजे शाळा कधी सोडली आणि का: 'शेतीकाम', 'गुरे राखणे', 'परगावी'.

जिल्ह्याची गॅझेटियरं आणि जनगणनेची जिल्हा पुस्तकं एकदा वाचून ठेवा. गावापुरतं त्यांत फार नसतं. नागपूरच्या पुराभिलेखागारात जायचं ते शेवटी, नेमका प्रश्न हातात आल्यावर.

सालांची शिडी

खेड्यातला माणूस सन सांगत नाही. "धाकट्याच्या वक्ताले मी पोटुशी होती, तवा पूर आला होता," असं आजी सांगते. तिला सन विचारून हैराण करण्यापेक्षा एका कागदावर सालांची शिडी करून जवळ ठेवा. छप्पनचा दुष्काळ म्हणजे 1899-1900 (विक्रम संवत 1956). चिमूर-आष्टीचा उठाव, ऑगस्ट 1942. गांधीजींचा खून, 30 जानेवारी 1948. मालगुजारी गेली, 1951. नागपूरची धम्मदीक्षा, 14 ऑक्टोबर 1956, आणि अठरा दिवसांनी विदर्भ मुंबई राज्यात. 1 मे 1960. तुकडोजी महाराज गेले, 11 ऑक्टोबर 1968. बहात्तरचा दुष्काळ. मोवाडचा पूर, 30 जुलै 1991. यांच्यामध्ये गावच्या पायऱ्या घाला: वीज, पहिली पीठचक्की, पहिलं इंजिन, एसटी, नळयोजना, शाळेची इमारत. त्यांची सालं ग्रामपंचायतीच्या ठरावबुकातून किंवा इमारतीवरच्या पाटीवरून पक्की करा.

मग प्रश्न असा: "बहात्तरच्या आधी की नंतर? तुमचं लग्न झालं होतं? सडकेवर गिट्टी फोडायला गेल्या होत्या का?" तीन उत्तरांत साल दोन वर्षांच्या आत येतं. एक खोट कायम लक्षात ठेवा: म्हातारपणी दोन पूर एक होतात. सगळी माणसं एकाच पुराचं बोलत आहेत की नाही, हे पाणी कुठवर आलं होतं त्यावरून तपासा. एक म्हणतो मारुतीच्या ओट्याला लागलं, दुसरा म्हणतो शाळेत शिरलं. शाळाच मुळी नंतर बांधलेली असेल तर पूर दोन आहेत.

"गांधीजी आमच्या गावी आले होते" हे वर्धा-नागपूरकडे गावोगाव ऐकायला मिळतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. 1933 च्या नोव्हेंबरात हरिजन दौरा वर्ध्याहूनच निघाला आणि 1936 पासून ते सेवाग्रामला राहत होते. त्यांच्या रोजच्या मुक्कामांची दिनवारी छापलेली आहे, तिच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर आठवण खोडू नका. 'ऐकीव' असा शेरा मारा. बरेचदा आलेली व्यक्ती दुसरीच, पण सभा खरीच झालेली असते.

बोलायला कधी आणि कसं बसायचं

मृगाच्या तोंडावर आणि कापसाच्या वेचाच्या दिवसांत कोणाच्या दारात जाऊ नका. चैत्र-वैशाखातली दुपार उत्तम. उन्हामुळे सगळे घरात, आणि बोलायला सवड. पण त्याच वेळी कूलर सुरू असतो आणि रेकॉर्डिंगचा सत्यानाश करतो तो कूलरच. तो बंद करायला सांगणं बरं दिसत नाही, म्हणून ओसरीत किंवा कडुनिंबाखाली बसा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवा. बाजेवर ठेवला तर बाज करकरते ते सगळं त्यात येतं. आधी अर्धा मिनिट भरून ऐकून पाहा. साध्या 128 केबीपीएस फाइलला तासाला सुमारे 58 एमबी लागतात, मोनो वेव्ह फाइलला सुमारे 318. जागा असेल तर वेव्ह ठेवा.

सुरुवातीलाच आवाजात नोंदवा: नाव, अंदाजे वय, माहेर कुठलं, तारीख, आणि "हे वहीत लिहिलं तर चालेल का?" याचं उत्तर. मध्येच कोणी "हे लिहू नको बाप्पा" म्हणालं तर तेवढा भाग वहीत जात नाही, विषय संपला. जमिनीचे वाद, जुने खून, कोणाच्या लेकीसुनेची कहाणी यांत हयात माणसांची नावं घालू नका. गावात वही वाचली जाणार आहे.

पारावर दहा जणांत बसलात की नावं भरपूर मिळतात, खरी हकिगत मिळत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते. पारावरून यादी घ्या, मग एकेकाच्या घरी जा. बैठक तासाच्या वर लांबवू नका. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास जातात. बोली तशीच उतरवा. "मले", "तेले", "जाऊन रायलो" याचं पुस्तकी मराठी केलंत तर माणूसच बदलतो.

कामाची माहिती घेताना पायरीपायरीने घ्या. समजा पेरणी. तिफणीला सरते किती, चाड्यावर कोण, सरत्यामागे कोणती बाई, जोडी दिवसाला किती एकर पेरायची, बी घरचं की सवाईने (सव्वापट परत करायच्या बोलीने) आणलेलं, सालदाराला वर्षाला पैसे किती आणि धान्य किती, कपडा आणि जोडा कोण देणार, साल कोणत्या दिवशी बदलायचं. "मजुरी कमी होती" असं उत्तर आलं तर "किती पायल्या?" हा पुढचा प्रश्न.

आणि ती पायली केवढी? मापं गावागणिक वेगळी होती, म्हणून छापील कोष्टकावर जाऊ नका. घरात जुनी पायली किंवा कुडव माळ्यावर पडलेला असतो. तो उतरवून पुसा, ज्वारीने भरा, वरून पट्टी फिरवून सपाट करा आणि दुकानातल्या काट्यावर तोला. तीनदा भरून तोला, कारण भरणाऱ्याच्या हातावर फरक पडतो. मग "शिगेने (वर रास ठेवून) द्यायचे की सपाट?" हे विचारा. सावकार घेताना शिगेने घ्यायचा आणि देताना सपाट द्यायचा अशी तक्रार बऱ्याच घरांत निघते, आणि एका मापातला तो फरकही त्याच काट्यावर ग्रॅममध्ये निघतो. धान्य कोणतं ते लिहायला विसरू नका. त्याच मापात ज्वारीचं आणि तुरीचं वजन सारखं नसतं.

नकाशा कागदावर काढायला सांगितलं तर म्हातारी माणसं बुजतात. सारवलेल्या अंगणात रांगोळी किंवा खडू द्या. आधी नाला, मग पांदण, मग विहिरी, आखर, मसणवट, जुनी गढी. दोघी-तिघी बाया मिळून विहिरींचा क्रम चटकन लावतात, कोणती कोणत्या समाजाची हेही त्यातच येतं. खुर्चीवर उभं राहून वरून फोटो घ्या आणि कोंबड्या फिरायच्या आत गावनकाशाच्या प्रतीवर उतरवा. शेतांची नावंही तेव्हाच घ्या: चिचवाडी, बरड, खारी. सातबाऱ्यावर बहुधा नुसता गट नंबर असतो, नाव माणसासोबत जातं.

कोण राहून जातं

पाटलाच्या वाड्यात कागद असतात, म्हणून गावाचा इतिहास नकळत वाड्याचा इतिहास होतो. यावर उपाय एकच: वस्त्यांची यादी करून प्रत्येक वस्तीतून किमान एक बाई आणि एक बाप्या. बौद्ध वस्तीत 1956 च्या आधीची आणि नंतरची कामं विचारा. मेलेली जनावरं ओढणं कधी बंद झालं, त्यानंतर गावाने काय केलं, कोणी काम नाकारलं. कोतवालकीही अनेक ठिकाणी याच घरांत होती, जुनी वही तिथे निघू शकते. गोंडांच्या टोल्यावर, कोहळ्यांच्या तलावाखालच्या वस्तीत, भटक्या लोकांच्या पालावर वेगळी सालगणना ऐकायला मिळेल. सासरी आलेल्या बाईला गावाबद्दल "मले काय माहीत" असं म्हणायची सवय असते. तिला जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी आणि पहिली चक्की विचारा. दळायला किती वाजता उठायच्या यावरून ती पूर्ण दिवस सांगते.

पोळ्याच्या झडत्या सोडू नका. सरकार, सावकार, भाव, पाऊस यांवर गावाने काय टोमणे मारले ते त्यांत आहे, आणि ते दरवर्षी बदलत जातं. तोरणाखाली गोंगाट असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन पुन्हा म्हणवून घ्या.

फोटो आणि वही

चौकटीतला फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट सावलीत ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल समांतर धरा, चकाकी आली तर तुमच्या मागे काळं कापड धरायला कोणाला तरी उभं करा. मूळ फोटो घरी नेऊ नका, तिथल्या तिथे काम उरका. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनाची रेघ पुढून उठते. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. उधईपासून वाचवायचं तर पत्र्याची पेटी, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीला न टेकवता.

वही तीन रंगांत लिहा: डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या शाईत, ऐकलेलं हिरव्या, कागदावरून उतरवलेलं काळ्या. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. दोन माणसांची सांगणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवा, मधलं काही काढू नका.

आजच्या वर्षाचं एक प्रकरण जरूर घाला. इंग्लंडातल्या महिला संस्थांना 1965 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या बायकांनी त्या एका वर्षाच्या चिकटवह्या केल्या. त्यांत त्यांनी दुकानातले भाव, कापडाचे तुकडे, रोजची कामं असं साधंच ठेवलं होतं. आज त्या वह्या संशोधक धुंडाळतात. बचत गटाला हे काम सहज जमेल: कापसाचा भाव आणि पट्टी, बियाण्याच्या पिशवीचं लेबल, एसटीचं वेळापत्रक, लग्नपत्रिका, निंदणीचा रोज, किराण्याची चिठ्ठी. थर्मल कागदावरच्या पावत्या तेवढ्या आधी झेरॉक्स करा, दोन-चार वर्षांत कोऱ्या होतात.

वही उजव्या पानांवरच लिहा, डावी पानं कोरी राहू द्या. छापायच्या आधी मारुतीच्या देवळात, बुद्धविहारात आणि मोहल्ल्यात वेगवेगळं वाचन ठेवा, एकत्र नको. दुरुस्त्या तिथे निघतात, बापाचं नाव चुकलं इथपासून विहीर कोणी खोदली इथपर्यंत. त्या सांगणाऱ्याच्या नावानिशी डाव्या पानावर चढवा. मूळ नोंदीला हात लावू नका. एक प्रत शाळेत, एक वाचनालयात आणि आवाजाच्या फाइली दोन वेगळ्या घरांतल्या दोन हार्डडिस्कवर ठेवा. त्या डिस्क दरवर्षी पोळ्याच्या सुमारास एकदा लावून चालतात की नाही ते पाहा.